फ्रिट्झ बुश आणि अकरा वर्षांचा पाहुणा

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी तुम्हाला एका जर्मन संगीत संचालकाबद्दल सांगणार आहे. त्यांचं नाव फ्रिट्झ बुश. नाव पुन्हा सांगते, कारण आपल्याकडे ते फारसं कानावर पडत नाही. फ्रिट्झ बुश, जन्म १८९०, मृत्यू १९५१. ऑपेराचे कंडक्टर आणि वाद्यवृंदाचेही कंडक्टर. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या आपल्या मंडळींना कारायान ठाऊक असतात, मुंबईचे झुबिन मेहता तर आपले घरचेच. बुश मात्र राहून जातात, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

जर्मनीच्या पश्चिम भागात झीगेन नावाचं गाव आहे. तिथे बुश यांचे वडील व्हायोलिनं बनवायचे. घरात पैसा थोडा आणि वाद्यं भरपूर. मुलं लहान वयातच वडिलांबरोबर नाचगाण्याच्या कार्यक्रमांत वाजवायला जायची, तेवढाच संसाराला हातभार. या घरातला आडोल्फ पुढे जगातल्या मोठ्या व्हायोलिनवादकांपैकी एक झाला, हेर्मान चेलोवादक झाला आणि थोरला फ्रिट्झ कंडक्टर. कोलोनच्या संगीत विद्यालयात फ्रिट्झ श्टाइनबाख यांच्याकडे शिक्षण झालं. हे श्टाइनबाख ब्राम्स या थोर जर्मन संगीतकाराच्या निकटच्या वर्तुळातले. मग १९०९ मध्ये रीगा, १९१२ मध्ये आखेन, महायुद्ध संपता संपता १९१८ मध्ये स्टुटगार्ट, आणि १९२२ मध्ये ड्रेस्डेन. बाकीची गावं विसरलात तरी चालेल, ड्रेस्डेन तेवढं लक्षात ठेवा.

ड्रेस्डेनचा वाद्यवृंद १५४८ साली स्थापन झालेला. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचाही जन्म व्हायचा होता. अशा ठिकाणी बुश अकरा वर्षं प्रमुख होते. रिशार्ड श्ट्राउसचा 'इंटरमेत्सो' १९२४ मध्ये तिथे पहिल्यांदा झाला, बुसोनीचा 'डॉक्टर फाउस्ट' १९२५ मध्ये, कुर्ट वाइल आणि हिंदेमिथ या तरुणांचे नवे ऑपेरा १९२६ मध्ये, आणि पुन्हा श्ट्राउसचाच 'इजिप्तची हेलेना' १९२८ मध्ये. हे सगळे पहिले प्रयोग बुश यांच्या हाताखाली झाले. शिवाय व्हेर्दीचे मागे पडलेले ऑपेरा त्यांनी जर्मन रंगमंचावर पुन्हा उभे केले. नव्याला जागा द्यायची आणि जुन्याची धूळ झटकायची, ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येते. गोष्ट ड्रेस्डेनची नाही, न्यूयॉर्कची आहे.

साल १९२७. बुश पाहुणे कंडक्टर म्हणून न्यूयॉर्क सिंफनी या वाद्यवृंदाकडे आले होते. नोव्हेंबरमधल्या एका कार्यक्रमात अकरा वर्षांचा एक मुलगा व्हायोलिन वाजवणार होता. सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला ज्यू कुटुंबातला मुलगा, येहुदी मेनुहिन. आज हे नाव जगाला माहीत आहे, पण तेव्हा तो बुशना ठाऊक नव्हता. मुलगा मोझार्टचं एखादं कंचेर्टो, म्हणजे एकटा वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली रचना, वाजवील अशी बुश यांची अपेक्षा. मुलाकडून निरोप आला : मला बेथोवेनचं कंचेर्टो वाजवायचं आहे.

बुश म्हणाले, छे! जॅकी कूगनला कुणी हॅम्लेटची भूमिका देत नाही. जॅकी कूगन म्हणजे चॅप्लिनच्या सिनेमात झळकलेला त्या काळचा लाडका बालनट.

त्यांचा नकार मला अगदी योग्य वाटतो. आज आपल्याकडे टीव्हीवर लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा चालतात. आठ वर्षांच्या मुलीला विरहाचं गाणं म्हणायला लावतात, मग परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि पुढच्या आठवड्यात तीच मुलगी कॅमेऱ्यासमोर रडत बाहेर पडते. हे थांबायला हवं, असं मी गेली कित्येक वर्षं बोलते आहे. लहान गळ्याला रियाज हवा, वेळ हवा आणि घरची माया हवी. बुश यांना नेमकी हीच काळजी होती. बेथोवेनसारखं काम कोवळ्या मुलाच्या खांद्यावर टाकायचं नाही.

आणि हे काम खरोखर किती अवघड, तेही ऐका. कंचेर्टो सुरू होतं ते टिंपनीच्या, म्हणजे वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांच्या, हलक्या ठोक्यांनी. मग वाद्यवृंद तीनएक मिनिटं एकटाच वाजवतो. व्हायोलिनवादक मंचावर उभा, वाद्य हातात, काहीही करायचं नाही, नुसतं थांबायचं. आणि मग त्याचा प्रवेश होतो तो गाजावाजा न करता, खालून वर चढत जाणाऱ्या सुरांनी, जवळजवळ एकट्यानं. तिथे एक सूर जरी डगमगला तरी सगळ्या सभागृहाला कळतो. पुढे पाऊण तासाच्या आसपास हे चालतं. बोटांच्या कसरती दाखवायला यात फारशी जागा नाही. ज्याला सूर लांबवता येतो, शांत ठेवता येतो, त्याचंच हे काम.

आणखी एक गंमत आहे. हे कंचेर्टो १८०६ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलं, आणि मग जवळजवळ विस्मरणात गेलं. त्याला पुन्हा उभं केलं ते १८४४ साली लंडनमध्ये, मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली, योझेफ योआखिम यानं. आणि योआखिमचं तेव्हाचं वय होतं १२ वर्षं! म्हणजे हे कंचेर्टो जगाला परत मिळालं तेच मुळी एका लहान मुलामुळे.

तर, बुश यांनी नकार दिला. पण मुलाचे वडील आणि गुरू लुई पर्सिंजर मागे हटेनात. निदान एकदा ऐका, एवढीच त्यांची विनंती. आणि बुश तयार झाले. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे. ते म्हणू शकले असते की मी ड्रेस्डेनचा प्रमुख आहे, मला वेळ नाही. पण त्यांनी हॉटेलातल्या आपल्या खोलीवर मुलाला बोलावलं. पियानोची साथ सुरू झाली, मुलानं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि वाजवायला लागला.

बुश थक्क झाले. त्यांनी मुलाला मिठी मारली आणि सांगितलं की तू माझ्याबरोबर काहीही वाजव, कधीही वाजव, कुठेही वाजव. बेथोवेन ठरला.

२५ नोव्हेंबर १९२७, कार्नेगी हॉल. मुलगा मंचावर आला. व्हायोलिनच्या खुंट्या पिळण्याइतकी ताकद त्या बोटांत नव्हती, म्हणून त्यानं व्हायोलिन वाद्यवृंदाच्या प्रमुख वादकाकडे दिलं आणि स्वरात लावून घेतलं. डोळ्यांसमोर आणा, श्रोतेहो. सुरात लावणं दुसऱ्याच्या हातचं, आणि वाजवणं त्याचं स्वतःचं. मग टिंपनीचे ते ठोके. मग ती लांब वाट पाहणं. आणि मग चढत जाणारे ते सूर.

शेवटी सभागृह नुसतं उसळलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या ऑलिन डाउन्स या समीक्षकानं लिहिलं की या मुलाला बेथोवेनची प्रौढ समज आहे असं म्हणणं हास्यास्पद वाटेल, पण तीच वस्तुस्थिती आहे.

बुश तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२९ च्या वसंतात मेनुहिन ड्रेस्डेनला आला आणि बुश यांच्याबरोबर त्यांच्याच घरच्या मंचावर वाजवला. आणि शिकण्यासाठी कुठे गेला? आडोल्फ बुश यांच्याकडे, फ्रिट्झच्या धाकट्या भावाकडे, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला. म्हणजे एका भावानं ऐकलं आणि दुसऱ्यानं घडवलं. गुणी मुलाचं काय करायचं, तर त्याला गुरूकडे पाठवायचं. टीव्हीवाल्यांनी हे ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे.

आणि हा मुलगा पुढे आपल्याही दारी आला. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून मेनुहिन भारतात आले. तेव्हा त्यांचं शरीर थकलेलं होतं, नीट झोप लागत नव्हती. मुंबईत त्यांची गाठ पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी पडली. अय्यंगार गुरुजींनी त्यांना असं काही विसावायला शिकवलं की मेनुहिन तिथल्या तिथे झोपी गेले. पुढे त्यांनी गुरुजींना एक घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरलं होतं, माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकाला. पुण्यातल्या किती जणांनी त्यांच्याकडे आसनं शिकली असतील! पण त्यांच्या या शिष्याला कार्नेगी हॉलमध्ये बेथोवेन वाजवायला मिळालं ते फ्रिट्झ बुश यांनी आपला नकार मागे घेतला म्हणून, हेही आपल्या माणसांना माहीत असावं.

आता १९३३. मेनुहिन ड्रेस्डेनला वाजवून गेल्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. बुश ज्यू नव्हते. त्यांना आपली नोकरी सांभाळून राहता आलं असतं. पण नाझींबद्दलचा तिरस्कार त्यांनी कधी लपवला नाही, आणि ज्यू कलावंतांशी असलेली मैत्रीही तोडली नाही. ७ मार्च १९३३ च्या संध्याकाळी ड्रेस्डेनला व्हेर्दीचा 'रिगोलेत्तो' हा ऑपेरा होता. बुश संचालनासाठी खाली वाद्यवृंदात आले आणि प्रेक्षागृहात पेरलेले गणवेशातले नाझी ओरडू लागले : बुश चालते व्हा! बुश काही वेळ तसेच उभे राहिले, मग निघून गेले. त्यांच्या जागी दुसऱ्या कंडक्टरला आधीच तयार ठेवलं होतं आणि प्रयोग पार पडला. अकरा वर्षं ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांतले थोडेच लोक बुश यांच्या बाजूनं उभे राहिले. मला या गोष्टीतलं हे सगळ्यांत जास्त बोचतं.

हिटलरचा बडा सहकारी गोअरिंग यानं त्यांना बर्लिनला ठेवून घ्यायचा प्रयत्न केला. बुश यांनी आपल्या आठवणींत ते संभाषण दिलं आहे. गोअरिंग म्हणाला, आमच्याकडे जबरदस्ती करायचे मार्ग आहेत. बुश म्हणाले, करून पाहा. माझ्याकडून जबरीनं करून घेतलेला वाग्नरचा 'टानहॉयझर' ऑपेरा इतका कंटाळवाणा होईल की तुम्ही आयुष्यात तसा ऐकला नसेल. वाग्नरच्या ऑपेरांच्या बायरॉइट महोत्सवाला इटलीचे थोर कंडक्टर टोस्कानिनी यांनी नकार दिल्यावर ती जागा बुशना देऊ केली गेली, तीही त्यांनी घेतली नाही. श्ट्राउसचा नवा ऑपेरा 'अराबेला' बुश आणि ड्रेस्डेन ऑपेराचे प्रमुख आल्फ्रेड रॉयकर या दोघांना अर्पण केलेला होता, पण त्या उन्हाळ्यात ड्रेस्डेनला त्याचा पहिला प्रयोग दुसऱ्याच कंडक्टरनं केला.

बुश ब्युएनोस आयरिसच्या तेआत्रो कोलोन या ऑपेरागृहात गेले, पुढे कोपनहेगनला तिथल्या रेडिओच्या वाद्यवृंदाबरोबर रमले. आणि १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये एक नवलच घडलं. जॉन क्रिस्टी नावाच्या जमीनदारानं ससेक्समधल्या ग्लाइंडबर्नला, आपल्या वाड्याशेजारी, तीनशेएक खुर्च्यांचं ऑपेरागृह बांधलं होतं. त्याची गायिका पत्नी ऑड्री मिल्डमे तिथे गाणार होती. संचालनासाठी त्यांना बुश मिळाले, आणि दिग्दर्शनासाठी कार्ल एबेर्ट, तेही जर्मनी सोडून आलेले. दोघांची अट एकच होती : कलेच्या बाबतीत शब्द आमचा. तालमी भरपूर हव्यात, आणि नावाजलेल्या एकेकट्या गायकापेक्षा सगळ्यांनी मिळून गाणं महत्त्वाचं. पुन्हा सांगते, तालमी भरपूर. आपल्याकडे मोठ्या कार्यक्रमांत दोन थोर कलाकारांना आयत्या वेळी एकत्र बसवतात आणि त्याला जुगलबंदी म्हणतात, ते मला कधीच पटलं नाही. २८ मे १९३४ ला मोझार्टच्या 'फिगारो'नं ग्लाइंडबर्न सुरू झालं. दुसऱ्या रात्री प्रेक्षक फारच थोडे होते. पण बातमी पसरली आणि गाड्या भरून लोक यायला लागले.

पुढे १९३६ मध्ये बुश यांनी अर्जेंटिनाचं नागरिकत्व घेतलं. महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात काही वर्षं काम केलं. १९५० मध्ये ग्लाइंडबर्नला परतले, १९५१ च्या उन्हाळ्यात तिथे आणि एडिनबराला संचालन केलं, आणि १४ सप्टेंबरला लंडनमध्ये वारले. वय ६१.

त्यांचं काम ऐकायचं असेल तर ग्लाइंडबर्नमधली मोझार्टची ध्वनिमुद्रणं आहेत. 'फिगारो', 'कोसी फान तुत्ते' आणि 'डॉन जोव्हानी', १९३४ ते १९३६ मधली. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत, त्यामुळे अख्खा ऑपेरा तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करावा लागे. तरी बुश यांच्या हाताखाली लय कुठे तुटत नाही. इंटरनेटवर शोधलंत तर मिळतील.

सुरुवात 'डॉन जोव्हानी'पासून करा, आणि त्यातही पहिल्या अंकाच्या शेवटापासून. मेजवानीच्या प्रसंगात मंचावर तीन वेगवेगळे वाद्यसमूह एकाच वेळी तीन वेगवेगळे नाच वाजवतात. एकाच्या तीन मात्रा, दुसऱ्याच्या दोन, तिसरा आणखी जलद तीनच्या चालीचा. आपल्या तालाच्या कानांना हा भाग फार आवडेल. हातानं मात्रा मोजत एकदा पहिला नाच धरा, मग ध्वनिमुद्रण मागे नेऊन दुसरा धरा, मग तिसरा. तिन्ही हाती लागले की मला आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर कळवा. नमस्कार.