आठ डॉलरचा घोळ

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलू या १९३८ सालच्या एका अमेरिकन सिनेमाविषयी. 'लव्ह फाइंड्स अँडी हार्डी', एमजीएम स्टुडिओचा. घराघरातल्या गोष्टींच्या हार्डी मालिकेतला हा चौथा.

कार्व्हेल नावाच्या काल्पनिक गावातला न्यायाधीशांचा मुलगा अँडी. त्याला नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या मैत्रिणीला, पॉलीला, स्वतःच्या गाडीतून नाचाला न्यायचंय. जुनी खटारा वीस डॉलरला ठरलीय, बारा भरलेत, आठ बाकी. आणि पॉली नेमकी आजीकडे निघून जाते! तेवढ्यात परगावी निघालेला मित्र बीझी म्हणतो, माझ्या सिंथियाला तू फिरव, म्हणजे दुसरं कुणी तिच्या मागे लागणार नाही. पैसे मी देतो. पठ्ठ्या लगेच तयार. पण बाईसाहेबांना पोहणं नको, टेनिस नको, नुसती चुंबनं हवीत. अँडी पार वैतागतो. त्यात बीझीचं पत्र येतं, मला दुसरी भेटली, आपला व्यवहार रद्द. इकडे पॉलीचा गैरसमज व्हायचा तो होतोच.

अँडी झालाय मिकी रूनी, तेव्हा अठराही पूर्ण नव्हता. डोळे, हात, पाय, सगळं एकदम बोलतं त्याचं. सिंथिया म्हणजे लाना टर्नर. आणि शेजारी सुट्टीला आलेली बेट्सी म्हणजे ज्युडी गारलंड. तिचा 'द विझर्ड ऑफ ऑझ' पुढच्याच वर्षी आला. अँडी तिला लहान पोर समजतो, आणि त्याचा सगळा गुंता सोडवते तीच. तिच्या वाट्याला मात्र काही येत नाही, हे मला आजही खटकतं. पण ती गायला लागली की तक्रार विसरायला होते.

वडील आहेत लुइस स्टोन. अडचण आली की पोरगा त्यांच्या खोलीत जातो, आपण दोघं पुरुष म्हणून बोलू या म्हणतो. वडील हसू दाबून सगळं ऐकून घेतात, मध्ये तोडत नाहीत.

आता आम्हा रेडिओवाल्यांचा लाडका प्रसंग. आई कॅनडात, आजारी आजीपाशी. खबर मिळेना. एवढे मोठे न्यायाधीश, पण हतबल. अँडीला आठवतो गावातला एक हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेखातर बिनतारी संदेश देणारा-घेणारा पोरगा. बारकं पोरगं सेटपुढे बसून साद घालतंय, आणि मागे न्यायाधीश कान लावून उभे! आठ डॉलरचा हिशेब न जमलेला अँडी इथे मात्र बापापेक्षा शहाणा ठरतो.