तीन दात आणि एक नाव : लेसोथोसॉरसची गोष्ट

स्क्रीनवर हा जो जबड्याचा तुकडा दिसतोय ना, त्यात फक्त तीन दात आहेत. या तीन दातांवर एका डायनासोरचं नाव ठेवलं गेलं, पुढे त्या नावावर एक अख्खं कुळ उभं राहिलं, त्या कुळात कुठले कुठले डायनासोर आणून बसवले गेले, आणि मग लक्षात आलं की अरे, या तीन दातांवरून हा प्राणी नेमका कोण ते सांगताच येत नाहीये.

साल १९६४. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला एक छोटा डोंगराळ देश आहे, आज त्याला लेसोथो म्हणतात, तेव्हा तिथे ब्रिटिशांचा अंमल होता आणि नाव होतं बासुटोलँड. तिथल्या खडकातून हा तुकडा मिळाला. लिओनार्ड गिन्सबर्ग या फ्रेंच जीवाश्मशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं फॅब्रोसॉरस ऑस्ट्रॅलिस. यातलं फॅब्रो हे जाँ फाब्र या फ्रेंच भूशास्त्रज्ञाच्या नावावरून आलंय, आणि ऑस्ट्रॅलिस म्हणजे दक्षिणेकडचा, ऑस्ट्रेलियाशी त्याचा काही संबंध नाही. गिन्सबर्गने या प्राण्याला स्केलिडोसॉरसच्या गोतावळ्यात टाकलं. स्केलिडोसॉरस म्हणजे इंग्लंडमध्ये सापडलेला, अंगावर हाडांच्या चकत्यांचं चिलखत असलेला शाकाहारी डायनासोर. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

मग त्याच देशातून चांगल्या कवट्या आणि सांगाडे हाती आले. टोनी थलबॉर्न यांनी १९७० मध्ये कवटीचं आणि १९७२ मध्ये बाकीच्या सांगाड्याचं वर्णन केलं, आणि दात जुळतायत म्हणून या सगळ्याला फॅब्रोसॉरसच म्हटलं. तेव्हा हे खडक ट्रायासिक काळाच्या शेवटचे आहेत असं मानत होते. नंतर कळलं की ते त्याच्या पुढचे आहेत, ज्युरासिकच्या अगदी सुरुवातीचे, म्हणजे साधारण २० ते १९ कोटी वर्षांपूर्वीचे. हा फरक नुसता आकड्याचा नाहीये बरं का, कारण मधे ट्रायासिक संपताना, साधारण २०.१ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर फार मोठा संहार झाला होता. म्हणजे आपला हा प्राणी त्या संहारातून वाचलेल्यांच्या वंशातला आहे, जग परत भरायला लागलं होतं तेव्हाचा.

दिसायला कसा होता? लहान. सुरुवातीला जे सांगाडे मिळाले ते जेमतेम मीटरभर लांबीचे, त्यातही बरीचशी लांबी शेपटीचीच. मागचे पाय लांब आणि सडपातळ, नडगी मांडीच्या हाडापेक्षा लांब, आणि ही ठेवण पळणाऱ्या प्राण्याची असते. पुढचे पाय आखूड, पंजा छोटा. डोकं लहान, डोळे मोठे, तोंडाच्या टोकाला छोटी चोच. पुढचे दात टोकदार आणि मागचे एखाद्या पानासारखे, कडेला जाडसर दाते असलेले. जबडा साधा वरखाली मिटायचा, गाईगुरांसारखं आडवं रवंथ करणं याला जमणारं नव्हतं, त्यामुळे पानं, कोवळे कोंब असलं काहीतरी कातरून खात असणार.

आता एवढुसा प्राणी, याला ट्रायसेराटॉप्स आणि स्टेगोसॉरसच्या मोठ्या घराण्यात कशावरून धरतात? दोन हाडांवरून. एक म्हणजे खालच्या जबड्याच्या अगदी टोकाला असलेलं प्रीडेंटरी नावाचं छोटंसं जास्तीचं हाड, ज्याच्यावर चोच बसते. आणि दुसरं कमरेतलं प्युबिस, ते पुढे न येता मागे वळलेलं असतं, पक्ष्यांमध्ये असतं तसं. हॅरी सीली या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८८७ साली कमरेच्या या ठेवणीवरूनच डायनासोरचे दोन भाग पाडले होते, आणि या भागाला नाव दिलं ऑर्निथिशिया, म्हणजे पक्ष्यांसारख्या कमरेचे. खरे पक्षी मात्र दुसऱ्या भागातून आले, ते नाव तसंच राहिलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जीवाश्मशास्त्रात नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं, त्याला टाइप नमुना म्हणतात. पुढे कितीही सुंदर सांगाडे मिळू द्या, त्यांना तेच नाव द्यायचं तर ते त्या टाइप नमुन्याशी जुळायला हवेत, आणि जुळणं म्हणजे फक्त त्याच प्राण्यात दिसणारी एखादी खूण दोन्हीकडे सापडायला हवी. फॅब्रोसॉरसचा टाइप नमुना म्हणजे ते तीन दात. आणि तसले पानासारखे दात तर त्या काळातल्या कितीतरी छोट्या शाकाहारी डायनासोरना होते!

पीटर गॅल्टन यांनी १९७८ मध्ये ही गाठ सोडवली. थलबॉर्न यांनी वर्णन केलेल्या सांगाड्यांना त्यांनी फॅब्रोसॉरसपासून वेगळं काढलं आणि नवीन नाव दिलं, लेसोथोसॉरस डायग्नोस्टिकस. बासुटोलँड १९६६ मध्ये स्वतंत्र होऊन लेसोथो झाला होता, तेच नाव इथे आलं. आणि डायग्नोस्टिकस म्हणजे ज्याची ओळख पटते असा. मला हे नाव फार आवडतं, कारण सगळी अडचण आणि तिच्यावरचा उपाय त्या एका शब्दात आहे. फॅब्रोसॉरसला आज बहुतेक जण नोमेन डुबियम म्हणतात, म्हणजे संशयास्पद नाव.

पण मधल्या काळात गॅल्टन यांनीच १९७२ मध्ये काढलेलं फॅब्रोसॉरिडी नावाचं कुळ चांगलंच फुगलं होतं. लहान आहे, दोन पायांवर चालतो, दात साधे आहेत, मग टाका फॅब्रोसॉरिडीत, असं चालायचं. १९८१ मध्ये अमेरिकेतला स्कुटेलोसॉरससुद्धा त्यात टाकला गेला, आणि त्याच्या अंगावर तर चिलखताच्या शेकडो चकत्या होत्या. १९९१ मध्ये पॉल सेरेनो यांनी लेसोथोसॉरसची हाडं पुन्हा तपासली आणि दाखवून दिलं की हे कुळ खरं नाही. साधेपणा हा नात्याचा पुरावा होत नाही, तो तर सगळ्यांच्या पूर्वजाकडून आलेला असतो, दोन जण भाऊ आहेत हे ठरवायला त्यांच्यातलं काहीतरी नवीन सारखं असावं लागतं.

नावांचा घोळ एवढ्यावर थांबला नाही. २००५ मध्ये रिचर्ड बटलर यांनी त्याच थरातल्या एका मोठ्या प्राण्याला, साधारण दोन मीटरच्या, स्टॉर्मबर्गिया असं नाव दिलं. मग २०१० मध्ये फॅबियन नॉल आणि सहकाऱ्यांनी लेसोथोसॉरसच्या हाडांचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघितले. हाड वाढत असताना आतली रचना वेगळी असते आणि वाढ थांबत आली की वेगळी. दिसलं असं की आपण ज्याला पूर्ण वाढलेला धरून बसलो होतो ते सगळे लहान वयाचे होते, आणि स्टॉर्मबर्गिया हा बहुधा मोठा झालेला लेसोथोसॉरसच. २०१७ मध्ये मॅथ्यू बॅरन, डेव्हिड नॉर्मन आणि पॉल बॅरेट यांनी सांगाड्याची बारकाईने तुलना केली, त्यांचंही मत हेच पडलं.

अलीकडचं काम बघताना खरंच हरखून जायला होतं. २०१५ मध्ये कवटीचे सीटी स्कॅन करून कॉम्प्युटरवर एकेक हाड दगडातून सोडवलं गेलं, मूळ जीवाश्माला हात न लावता. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका जागेचं वर्णन आलं, तिथे लेसोथोसॉरसची हाडं एकत्र साठलेली मिळाली, म्हणजे कदाचित हे कळपाने राहत असावेत.

राहिला प्रश्न याला वंशवृक्षात बसवायचं कुठे. काही अभ्यासांत तो ऑर्निथिशियाच्या अगदी बुडाशी येतो, सगळी मोठी घराणी फुटायच्या आधी. पण २००८ मध्ये बटलर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणात तो चिलखतवाल्यांच्या फांदीच्या सुरुवातीला जाऊन बसला. याच्या अंगावर चिलखताची एकही चकती सापडलेली नाही, पुरावा आहे तो कवटीतल्या आणि दातांच्या बारीक खुणांचा, त्यामुळे वाद अजून चालू आहे. पण ही जागा खरी ठरली तर लेसोथोसॉरस स्केलिडोसॉरसचा लांबचा नातेवाईक होतो, आणि १९६४ मध्ये तीन दात बघून गिन्सबर्गने आपल्या प्राण्याला, म्हणजे फॅब्रोसॉरसला, नेमकं तिथेच ठेवलं होतं.