आधी फक्की, मग ड्रोन

नमस्कार श्रोतेहो. सरकारी कामातले ड्रोन, यंत्रमानव आणि त्यांना जोडणारं बिनतारी जाळं, हा आजचा विषय. पण त्यासाठी आधी सोनोरीला जाऊ या. पुरंदर तालुक्यातलं, मल्हारगडाच्या पायथ्याचं हे गाव. (तिथे गेलात तर पानसे वाडाही बघा. लोक गडावर फोटो काढतात आणि तसेच परततात!) ड्रोनने गावठाण मोजायचा राज्यातला प्रयोग इथे झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला, गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणारी केंद्र सरकारची स्वामित्व योजना आली. इंग्रजांनी सारा मिळतो म्हणून शेतं मोजली, गावठाण तसंच सोडलं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घर आहे, पण कागद नाही.

तर या मोजणीत ड्रोनच्या आधी गावात काय येतं? चुन्याची फक्की! कबड्डीचं मैदान आखतो तीच. मालकांनी शेजाऱ्यांच्या समक्ष हद्दीवर पांढरी रेघ ओढायची. रेघ किती रुंद? चांगली वीतभर. शंभर-सव्वाशे मीटरवरून काढलेल्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण पाच सेंटिमीटर. बोटभर रेघ त्या ठिपक्यात मातीशी मिसळून जाते. सकाळी आखलेल्या रेघेवरून दुपारी गुरं गेली, सर आली, की पुन्हा आखा. चिंचेखालची रेघ तर वरून दिसतच नाही. आणि पागोळी! ड्रोनला पत्र्याची कड दिसते, खालची भिंत दिसत नाही. पत्रा दोन फूट पुढे आलेला असला, तर नकाशात घरही दोन फूट पुढे येतं. शेजाऱ्यांची निम्मी भांडणं त्या दोन फुटांचीच असतात. तिथे माणूस टेप घेऊन उभा लागतो. पुन्हा सांगतो: आधी फक्की, मग ड्रोन.

आता जाळं. नुसत्या उपग्रहांच्या भरवशावर ड्रोनची जागा दोन-चार मीटर इकडेतिकडे होते. जमिनीवरची पक्की केंद्रं ही चूक सतत मोजतात आणि दुरुस्ती मोबाइल इंटरनेटवरून ड्रोनला पाठवतात. मग चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. ही माहिती असते अगदी थोडी, पण धार तुटता कामा नये. डोंगराआड नेटवर्क गेलं की पडद्यावरचं ‘फिक्स’ जाऊन ‘फ्लोट’ येतं, म्हणजे पक्की जागा सुटून अंदाजे जागा उरते. म्हणून कच्च्या नोंदी ड्रोनमध्येही साठवायच्या आणि उतरल्यावर जमिनीवरच्या केंद्रांच्या नोंदींशी जुळवायच्या.

खाली उभं राहून फोनवर पाच कांड्या दिसल्या, म्हणून खुश होऊ नका. टॉवरचे अँटेना खाली, रस्त्याकडे झुकवलेले असतात. शंभर मीटरवर ड्रोनला एकाच वेळी दहा टॉवर ऐकू येतात, सगळे सारख्याच आवाजात. तो या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो आणि चित्र अडकतं. नेटवर्क मोजायचं ते उडायच्या उंचीवर.

दुसरं, आपण फोनवर बघतो जास्त, पाठवतो कमी. फाइव्ह जीची वेळही तशीच विभागलेली असते: डाउनलोडला जास्त, अपलोडला कमी. ड्रोनचं काम उलटं. स्वच्छ चित्राला पाच-सहा एमबीपीएस अपलोड सलग हवा. जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एकतानगरीत पाणी शिरलं, तशा वेळी सगळा परिसर व्हिडिओ पाठवत असतो आणि नेमका अपलोडच तुंबतो. सरकारी ड्रोनसाठी त्याच जाळ्यात राखीव वाटा ठेवता येतो, पण तो करार पावसाळ्याआधी व्हायला हवा. निविदांमध्ये ड्रोनच्या पंखांवर पानंच्या पानं असतात, अपलोडवर एक ओळ नसते, हे मला काही पटत नाही.

आणि मैला साफ करणारा यंत्रमानव? ओलं काँक्रीट, माती आणि पाणी लहरी गिळतात. चेंबरमध्ये फाइव्ह जी नको, केबलच द्या. बिनतारी जाळं वरच्या गाडीपासून कंट्रोल रूमपर्यंत. उतरवण्याआधी केबलचं रबर आणि जोडावरची पाणीरोधक सीलं हाताने तपासा. पहिली गळती जोडातूनच होते.