बाहेरचे डोके, घरचे काम

श्रोतेहो, नमस्कार. कंपनीने आपली अडचण संशोधन विभागाच्या चार भिंतींत न ठेवता जगापुढे मांडावी आणि उत्तर कोणाकडूनही घ्यावे, या पद्धतीला ‘ओपन इनोव्हेशन’ हे नाव अमेरिकी व्यवस्थापन-अभ्यासक हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये रूढ केले. तिचा लाभ दिसायला वेळ लागत नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलला प्रिंगल्सच्या वेफरवर चित्रे छापायची होती. खाण्याजोग्या शाईचे असे तंत्र इटलीत बोलोन्या येथे एका प्राध्यापकाच्या लहानशा बेकरीत केक-बिस्किटांसाठी आधीच तयार होते. ते घेऊन कंपनीने २००४ मध्ये छापील वेफर बाजारात आणले. नेमके काय हवे हे ठाऊक असले की सौदा सोपा होतो.

नेटफ्लिक्सची कथा इतकी सरळ नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये, म्हणजे ही कंपनी टपालाने डीव्हीडी भाड्याने देत असे तेव्हा, तिने जाहीर केले की, ग्राहकाला कोणता चित्रपट किती आवडेल याचा आमचा अंदाज जो १० टक्क्यांनी सुधारेल, त्याला १० लाख डॉलर मिळतील. त्यासाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले १० कोटींहून अधिक गुण, नावे वगळून, खुले करण्यात आले. जगभरातून हजारो संघ उतरले. पहिल्याच वर्षी एका संघाने ८.४३ टक्क्यांपर्यंत मजल मारली. उरलेल्या दीड टक्क्याला मात्र आणखी दोन वर्षे लागली, आणि त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांशी हातमिळवणी केली. २००९ मध्ये दोन संघांची कामगिरी अगदी सारखी ठरली, तेव्हा वीस मिनिटे आधी उत्तर पाठवणारा संघ विजयी झाला. बाकीच्यांच्या हजारो तासांच्या मेहनतीचे मोल शून्य; ही बाजू कंपन्या फारशी बोलून दाखवत नाहीत.

दरम्यान टेक्सास विद्यापीठातील दोन संशोधकांनी दाखवून दिले की, ही माहिती एका सार्वजनिक चित्रपट-संकेतस्थळावरील अभिप्रायांशी ताडून पाहिली तर नावे वगळलेल्या ग्राहकांपैकीही काहींची ओळख पटू शकते. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये कंपनीने दुसऱ्या स्पर्धेचा बेत सोडून दिला. प्रश्न बाहेर मांडायचा तर घरातले काहीतरी उघडे करावेच लागते, आणि त्यातले किती उघडे पडले हे पुष्कळदा बाहेरच्यांनाच आधी कळते.

आणि दहा लाखांचे ते उत्तर? अनेक गणिती पद्धतींचे ते कडबोळे नेटफ्लिक्सने वापरलेच नाही. अचूकतेत पडणारी भर ते प्रत्यक्ष यंत्रणेत बसवण्याच्या खटाटोपाच्या मानाने फार थोडी होती, हे कंपनीने पुढे स्वतःच सांगितले. शिवाय २००७ पासून चित्रपट इंटरनेटवरून थेट दाखवले जाऊ लागले होते, त्यामुळे ग्राहक किती गुण देतो यापेक्षा तो प्रत्यक्षात काय पाहतो हे महत्त्वाचे ठरू लागले. तीन वर्षे ज्याचे उत्तर शोधले गेले तो प्रश्नच मागे पडत चालला होता. नेटफ्लिक्सच्या यंत्रणेत खरोखर रुजल्या त्या दोन पद्धती पहिल्या वर्षी ८.४३ टक्क्यांपर्यंत पोचलेल्या संघाला मधल्या टप्प्यावर प्रगती-पारितोषिक मिळवून देणाऱ्या उत्तरातून घेतलेल्या होत्या, आणि ते पारितोषिक होते ५० हजार डॉलरांचे.