सर्व्हेवाले दारात आले की

नमस्कार मंडळी. आमचं नागपुरात इतवारी बाजारात भांड्यांचं दुकान आहे, तांबं, पितळ, स्टील, वडिलांनी सुरू केलेलं आणि आता मी बघते. आज मला त्या लोकांबद्दल बोलायचंय जे गळ्यात आयकार्ड अडकवून, हातात टॅब नाहीतर फॉर्म घेऊन बाजारात फिरतात, महापालिकेकडून म्हणा, जिल्हा उद्योग केंद्राकडून म्हणा, आणि विचारतात की धंदा कसा चाललाय, माणसं किती, अडचण काय.

त्यांना आपण काय सांगतो? मालक बाहेर गेलेत. मालक गल्ल्यावरच बसलेले असतात हो, तरी मालक बाहेर गेलेत.

माझे बाबा वर्षानुवर्षं हेच करायचे आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण ही भीती काही हवेतून आलेली नाही. आधी जकात होती, मग २०१३ च्या एप्रिलपासून नागपुरात एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तो २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, पण तेवढ्या काळात कागद घेऊन दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे वसुलीवालाच हे आमच्या ओळीत डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच. मग खरी माहिती कोण देणार?

पण न सांगण्याचा फटका कोणाला बसतो ते मी जवळून बघितलंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भाऊ तर्री पोह्यांची गाडी लावतात, पहाटे चारला उठून रस्सा करतात. फेरीवाल्यांचा सर्व्हे झाला तेव्हा ते बहिणीच्या घरी लग्नाला गेले होते, शेजारच्या गाडीवाल्याला वाटलं नाव दिलं तर उद्या गाडी उचलतील म्हणून त्यानं यांचं नाव सांगितलंच नाही. आणि कायदा तर बरोबर उलटा आहे! २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा म्हणतो की सर्व्हे पूर्ण होऊन सर्टिफिकेट दिल्याशिवाय कोणाला हटवायचं नाही, आणि हा सर्व्हे पाच वर्षांतून एकदा तरी झालाच पाहिजे. म्हणजे त्या यादीत नाव असणं हेच त्यांचं संरक्षण होतं. पुढे २०२० मध्ये फेरीवाल्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, ज्यांचं नाव सर्व्हेत होतं त्यांचं काम सोपं झालं आणि आमच्या भाऊंना आधी शिफारसपत्र आणा म्हणून सांगितलं, त्या पत्रासाठी त्यांनी किती चकरा मारल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय, गाडी बंद ठेवून जायचे बिचारे.

आणखी एक, २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आठवा, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी शहरात शिरलं. माझ्या मैत्रिणीचं सीताबर्डीकडे बेसमेंटमध्ये दुकान, सकाळी शटर उघडलं तर कपड्यांचे गठ्ठे पाण्यावर तरंगत होते. पंचनाम्याला माणसं आली आणि पहिला प्रश्न, दुकानाचे कागद दाखवा. कागद होते, पण ते पण भिजले होते! आता सांगा, कुठे काय धंदा चालतो याची नीट यादी आधीच सरकारदरबारी असती तर तिला ती फाईल उन्हात वाळवत बसावं लागलं असतं का?

कॅनडात, ओंटारियोमध्ये, हे काम फार पद्धतशीर चालतं असं मी वाचलं. तिथलं स्थानिक प्रशासन आधीपासून असलेल्या धंद्यांना भेटायला माणसं पाठवतं, शक्यतो दोघं दोघं, एक बोलतो आणि दुसरा लिहितो, माहिती गुप्त ठेवायचं आधीच कबूल करतात. आणि सगळ्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे कोणी सांगितलं की मी धंदा बंद करायच्या विचारात आहे किंवा दुसरीकडे हलतोय, तर त्यावर लाल खूण होते आणि अहवालाची वाट न बघता लगेच त्याच्याकडे धाव घेतात. नवीन कंपनी आणायला पळण्याआधी आहे ती टिकवा, इतका साधा विचार आहे. आपल्याकडे बुटीबोरी, हिंगण्याच्या एमआयडीसीत मोठ्यांचं बोलणं कुठे ना कुठे पोचतं, पण लकडगंजच्या आरा मशीनवाल्याचं, मस्कासाथच्या किराणावाल्याचं कोण ऐकणार? २०२२ च्या मार्चपासून किती तरी काळ महापालिकेत प्रशासकच होते, सांगायला नगरसेवकसुद्धा नव्हता.

म्हणून माझी साहेब लोकांना हात जोडून विनंती आहे, संध्याकाळी सहाला येऊ नका, दिवाळीच्या आठवड्यात तर अजिबात नको. अकरा ते एक या. आणि एकदा येऊन गायब होऊ नका, दुकानदाराचा खरा राग त्याचाच असतो. आणि आपण दुकानदारांनी आयकार्ड बघावं, माहिती कशासाठी आणि कुठल्या कायद्याखाली घेताय ते विचारावं, २००८ च्या सांख्यिकी कायद्याखालच्या पाहणीत तर तुमची माहिती नावानिशी बाहेर देताच येत नाही. आणि उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीला, कोणी पैसे मागितले तर देऊ नका, ती फुकट आहे.

मागच्या पावसाळ्याआधी आमच्याकडे एक मुलगी आली होती, बावीस-तेवीसची असेल, उन्हानं चेहरा लाल झालेला. बाबांनी विचारलं, काहून विचारून राहिली वो हे सगळं? तिनं विचारलं माणसं किती, बाबा म्हणाले दोन. मागे चौघं पातेली घासत होते, तिला दिसत होते, तिनं दोनच लिहिलं. मग अडचण विचारली तेव्हा मी सांगितलं, सिमेंटचा रस्ता झाल्यापासून रस्ता वर आणि दुकान खाली, पाणी सरळ आत येतं, नालीचं तोंड बुजलंय. तिनं उठून जाऊन बघितलं, वाकून फोटो काढला.

तीन आठवड्यांनी नालीवाले आले, आणि त्यानंतर दोन दिवसांनी ती स्वतः आली, काका, पाणी थांबलं का विचारायला. बाबांनी तिला पंख्याखाली बसवलं, चहा सांगितला, आणि म्हणाले, बेटा, तो फॉर्म काढ तुझा. दोन नाही, चार माणसं आहेत माझ्याकडे. चार लिही.