मुतखडा पुन्हा झाला? कॅल्शियम तपासा

श्रोतेहो, नमस्कार. मुतखडा पुन्हा झाला की आपण टोमॅटो, पालक बंद करतो. हाडं दुखली की कॅल्शियमच्या गोळ्या आणतो. पण रक्तात कॅल्शियम किती आहे, हे बघायचं राहूनच जातं.

गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतं. पुरेसं झालं की त्यांनी थांबायला हवं. एखादीत गाठ झाली तर ती थांबत नाही आणि रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं. याला हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. ही गाठ क्वचितच कर्करोगाची असते, पण हाडं ठिसूळ होतात, खडे होतात, थकवा, तहान, बद्धकोष्ठ, उदासपणा येतो. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि नेमकी त्यांचीच दुखणी ‘वय झालं’ म्हणून बाजूला सारली जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

रक्तातलं कॅल्शियम दर डेसिलिटरला (100 मिलिलिटरला) साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम असतं. ते 11 आलं तर ‘थोडंसंच जास्त’ म्हणून सोडू नका. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासह पुन्हा तपासा, सोबत पीटीएच करा. कॅल्शियम वाढलेलं असताना पीटीएच अगदी खाली जायला हवं. ते नॉर्मलच्या आकड्यात आलं, तरी या आजाराचा संशय घ्यायलाच हवा. इथेच निदान सर्वांत जास्त हुकतं. ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडांचं काम कळावं म्हणून क्रिएटिनिन, 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही पाहतात. लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

स्कॅन निदानासाठी नसतो. गाठ कुठे आहे, हे सर्जनना कळावं म्हणून असतो. ती जागा न कळल्याने, हा आजार झालेल्या चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाज-कप्तानाच्या सहा शस्त्रक्रिया वाया गेल्या. 1932 मध्ये सातव्या वेळी गाठ सापडली ती छातीत! तोवर मूत्रपिंडं खराब झाली होती, थोड्याच दिवसांत तो गेला.

आज अनुभवी सर्जन बहुतेकदा एकाच शस्त्रक्रियेत गाठ काढतात आणि आजार बरा होतो. त्रास नसेल आणि कॅल्शियम किंचितच वाढलेलं असेल, तर ठरावीक काळाने रक्त आणि हाडांची घनता तपासत थांबता येतं. दूध मात्र बंद करू नका, पाणी भरपूर प्या. शस्त्रक्रियेनंतर ओठांना, बोटांना मुंग्या आल्या, तर कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. लगेच डॉक्टरांना कळवा.