विहिरी मोजणारा राजा

(राधानगरी. पाऊस, धुकं. पाण्याचा आवाज काही क्षण तसाच राहू द्यावा.)

जुलैचा शेवट. पावसानं उघडीप दिलेली नाही. धरण काठोकाठ भरलंय, आणि आता हा दरवाजा बघा. बटण दाबायला कुणी नाही, मोटार नाही, वीज नाही. पाण्याचा दाब वाढला की दरवाजा आपसूक उघडतो. पातळी उतरली की आपसूक बसतो. असे ७ दरवाजे. एकेक उघडत जातो तशी कोल्हापुरात फोनाफोनी सुरू होते, आणि नदीकाठची घरं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारू लागतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका.

हे दरवाजे नंतरचे. या धरणाची गोष्ट सुरू होते एका मोजणीपासून.

(जुनी दगडी विहीर. पायऱ्या, शेवाळ, तळाशी पाणी.)

१८९६ साली दुष्काळ पडला तेव्हा शाहू महाराजांना कोल्हापूरच्या गादीवर बसून दोनच वर्षं झाली होती. वय २२. पाठोपाठ प्लेग आला. दुष्काळात कामं काढणं, धान्य पुरवणं हे त्यांनी केलंच. पण पाऊस हुकला की पुन्हा तीच धावपळ, हे त्यांना मान्य नव्हतं. १९०२ साली त्यांनी संस्थानाचं पाटबंधारे धोरण ठरवलं. त्यासाठी वेगळा अधिकारी नेमला आणि गावोगावच्या विहिरी नि तलावांची पाहणी करायला लावली. कुठं किती पाणी आहे, कुठली विहीर दुरुस्त करण्याजोगी आहे, कुठल्या तलावाची डागडुजी हवी, हे आधी कळलं पाहिजे होतं. धरणाचे फोटो सगळेच काढतात. आम्हाला या विहिरीपाशी थांबावंसं वाटलं, कारण पाण्याचा हिशेब राज्यकर्त्यानं ठेवायचा असतो, हे कोल्हापूरनं इथं शिकलं.

(धरणाची भिंत, जवळून. दगडांचे सांधे.)

मग भोगावती नदी. फेजिवड्याजवळ दोन डोंगरांमधली ही जागा. कामावर अभियंते दाजीराव विचारे. शेजारी नवं गाव वसवलं, त्याला महाराजांच्या लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचं. एवढं मोठं काम एका संस्थानाच्या तिजोरीला झेपणं कठीण होतं. भिंत काही उंचीपर्यंत आली आणि काम थांबलं. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा धरण अपुरंच होतं. ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. आज इथं ८.३६ टीएमसी, म्हणजे ८३६ कोटी घनफूट पाणी साठतं.

शिवारं पाण्याखाली गेली, माणसं उठली. पुढं ऊस आला, आणि पंचगंगेत सांडपाणीही.

(ऑक्टोबर. बंधारा. बरग्यांचा ढीग, कमरेएवढ्या पाण्यात उतरलेली माणसं.)

पाऊस सरला. आता बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायचे दिवस. खांबांच्या खाचांमधून एकेक बरगा खाली सरकवायचा, दोन ओळी उभ्या करायच्या, मधे माती ठासायची. मेअखेरीस, पुराच्या आधी, सगळे पुन्हा काढून काठावर रचायचे. राज्याच्या पाटबंधारे खात्यात या बंधाऱ्याला आजही नाव आहे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा.

वरून धरणाचं पाणी सुटेल, ते इथं अडेल. दोन्ही काठांवरच्या मोटारी याच्याच भरवशावर आहेत.

हा शेवटचा गाळा, दोन खांबांमधली मोकळी जागा. खालचा माणूस हात वर करतोय. सोड, म्हणतोय.

(बरगा खाचेत बसल्याचा आवाज.)